प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची जोडी व गेमचा फ्रेम रेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राफिक्स कार्ड बदलले, पैसे गेले आणि गेम मात्र पूर्वीसारखाच अडखळत राहिला, असे ज्यांच्या वाट्याला येते त्यांनी निवडलेले कार्ड बहुतेक वेळा वाईट नसते. फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची (फ्रेम्सची) संख्या, नेमका कोण अडवून धरतो आहे, हे न तपासता खरेदी झालेली असते. ते आधीच तपासता यावे, यासाठी पुढील प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.

एक फ्रेम तयार होताना प्रोसेसर काय करतो आणि ग्राफिक्स कार्ड काय करते?

खेळाडूने कोणती कळ दाबली, त्यामुळे पात्र कुठे सरकले, शत्रूंनी काय ठरवले, कोणती वस्तू कशावर आदळली, पडद्यावर या क्षणी काय काय दिसणार आहे, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. हिशेब झाला की तो ड्रायव्हरमार्फत (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत) ग्राफिक्स कार्डाला 'हे झाड काढ, ही भिंत काढ' अशा आज्ञा देतो. या आज्ञांना ड्रॉ कॉल म्हणतात आणि एका फ्रेममध्ये त्या हजारोंनी असू शकतात. पुढचे काम कार्डाचे. त्रिकोणांची मांडणी करणे, प्रत्येक पिक्सेलचा रंग काढणे, सावल्या, प्रकाश, धुके आणि प्रतिबिंबे तयार करणे हे ते करते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण पुढची सगळी उत्तरे तिच्यावर उभी आहेत. ही दोन्ही कामे एकाच वेळी, पण वेगवेगळ्या फ्रेमवर चालू असतात. कार्ड शंभरावी फ्रेम रंगवत असते तेव्हा प्रोसेसर एकशेएकाव्या फ्रेमची तयारी करत असतो. त्यामुळे दोघांच्या वेळांची बेरीज होत नाही आणि जो अधिक वेळ घेतो त्याच्या गतीने गेम चालतो. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. समजा, एखाद्या दृश्यात प्रोसेसरला ९ मिलिसेकंद आणि कार्डाला ६ मिलिसेकंद लागतात. मग पडद्यावर सेकंदाला सुमारे १११ फ्रेम्स येतात आणि कार्ड प्रत्येक फ्रेमला ३ मिलिसेकंद नुसते बसून राहते. त्या जागी ४ मिलिसेकंदांत काम उरकणारे महाग कार्ड लावले तरी आकडा १११ च राहतो. फक्त बसून राहण्याचा वेळ ५ मिलिसेकंद होतो.

मग 'बॉटलनेक', म्हणजे एका भागामुळे दुसऱ्याला अडून राहावे लागणे, हा जोडीतला दोष आहे का?

नाही. फ्रेम रेटवर कोणाची तरी मर्यादा नेहमीच असते. ती नसती तर फ्रेम रेट अमर्याद झाला असता. शिवाय ही मर्यादा जोडीला कायमची चिकटलेली नसते. तेच दोन भाग एका गेममध्ये कार्डापाशी अडतात, दुसऱ्यात प्रोसेसरपाशी आणि एकाच गेममध्ये निर्जन वाळवंटातून गजबजलेल्या शहरात शिरताच मर्यादा एकाकडून दुसऱ्याकडे जाते. म्हणून 'या प्रोसेसरबरोबर हे कार्ड चालेल का' या प्रश्नाला कोणता गेम, कोणते रिझोल्यूशन आणि किती फ्रेम्स हे ठरवल्याशिवाय प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

तरीही, मर्यादा कुठे असावी याची निवड करता येत असेल तर ती कार्डाकडे असलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्डाचा भार एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत सहसा हळूहळू बदलतो आणि सेटिंग्ज खाली आणून तो हमखास कमी करता येतो. प्रोसेसरचे काम मात्र अचानक उसळते आणि ते कमी करण्याचे उपाय गेमच्या मेनूमध्ये फार थोडे सापडतात.

कोण अडवतो आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

यासाठी एक पैसाही खर्च होत नाही आणि दहा मिनिटे पुरतात. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारे रिव्हाट्यूनर, किंवा इंटेलचे प्रेझेंटमॉन, यांपैकी काहीही बसवून फ्रेम रेट, प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ आणि कार्डाचा वापर हे तीन आकडे पडद्याच्या कोपऱ्यात दिसतील असे करावे. व्ही-सिंक (फ्रेम रेट मॉनिटरच्या गतीला बांधून ठेवणारी सोय) आणि फ्रेम रेटवरील इतर सर्व बंधने बंद करावीत, नाहीतर ते बंधनच मोजले जाईल.

आता जिथे गेम खरोखर जड जातो त्या जागी जावे. शहरातला बाजाराचा चौक असेल तर त्याच चौकात, गर्दीकडे तोंड करून, पात्र न हलवता अर्धा मिनिट थांबावे आणि आकडा टिपावा. समजा १९२० बाय १०८० वर ७२ आला. पात्र तिथेच ठेवून रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करावे. पडद्यावरचे पिक्सेल २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर आले, म्हणजे कार्डाचे पिक्सेल रंगवण्याचे काम निम्म्याहून कमी झाले, पण चौकातली माणसे तितकीच आहेत आणि प्रोसेसरचा हिशेबही तितकाच आहे. आकडा ७२ वरून ७३ झाला तर अडवणारा प्रोसेसर आहे. ११८ झाला तर अडवणारे कार्ड होते. या चाचणीत संदिग्धतेला फारशी जागा राहत नाही, म्हणून नवीन काहीही विकत घेण्याआधी ती करावीच, असा माझा आग्रह आहे.

कार्डाचा वापर पाहूनही अंदाज येतो. तो सतत ९७ ते ९९ टक्के असेल तर मर्यादा कार्डाची आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, फ्रेम रेटवर बंधन नसेल आणि तरीही आकडा कमी असेल, तर कार्ड कोणाची तरी वाट पाहत आहे आणि तो बहुधा प्रोसेसर असतो.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जेमतेम ३० टक्के वापरात दिसतो. मग तो अडथळा कसा असू शकेल?

दाखवला जाणारा आकडा सगळ्या थ्रेडांची, म्हणजे प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो त्या कामाच्या धाग्यांची, सरासरी असते. आठ कोर (स्वतंत्रपणे काम करणारे विभाग) आणि सोळा थ्रेड असलेल्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण क्षमतेने राबत असेल, तर एकूण वापरात त्याचा वाटा केवळ ६.२५ टक्के दिसतो. बहुतेक गेममध्ये एक मुख्य थ्रेड असतो आणि जगाची पुढची स्थिती ठरवण्याचा बराचसा भार त्याच्यावर असतो. आधी गोळी लागली की नाही हे कळायला हवे, मगच शत्रू पडला की नाही ते ठरणार; अशी एकामागून एक होणारी कामे दहा जणांत वाटून दिली तरी लवकर होत नाहीत. समांतर कामाची ही मर्यादा संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडली होती आणि गेमच्या बाबतीत ती रोज अनुभवाला येते. त्यात विंडोज तो मुख्य थ्रेड एका कोरवरून दुसऱ्या कोरवर हलवत राहते, त्यामुळे कोणत्याच कोरचा आलेख शंभरला टेकलेला दिसत नाही आणि पाहणाऱ्याची आणखीच दिशाभूल होते.

२०१५ मधील डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ मधील व्हल्कन या गेम व कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअर-व्यवस्थांनी ड्रॉ कॉलचा खर्च कमी केला आणि आज्ञांची तयारी अनेक थ्रेडांत वाटण्याची सोय दिली. परंतु गेमचा स्वतःचा हिशेब त्यामुळे आपोआप वाटला जात नाही; ते काम गेम बनवणाऱ्यांनाच करावे लागते.

रिझोल्यूशन वाढवले की प्रोसेसरचे महत्त्व कमी होते, हे खरे आहे का?

खरे आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष अनेकदा चुकतो. १०८०पी (१९२० बाय १०८०) मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी मध्ये ३६.९ लाख आणि ४के मध्ये ८२.९ लाख, म्हणजे १०८०पी च्या बरोबर चौपट. कार्डाचे काम या प्रमाणात वाढत जाते, प्रोसेसरचे जवळजवळ तेवढेच राहते. समजा, एका गेममध्ये प्रोसेसर सेकंदाला १२० फ्रेम्सपर्यंत पोहोचू शकतो आणि कार्ड या तीन रिझोल्यूशनवर अनुक्रमे १९०, १३० आणि ६२ फ्रेम्स देऊ शकते. प्रत्यक्षात मिळतील १२०, १२० आणि ६२. येथे दुप्पट वेगवान प्रोसेसर लावला तर १०८०पी वर ७० फ्रेम्सचा लाभ होईल, १४४०पी वर १० चा आणि ४के वर काहीच नाही.

यावरून '४के वर खेळणाऱ्याला कोणताही प्रोसेसर चालतो' असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला आता जुना झाला आहे, कारण ४के वर खेळणारे पुष्कळ जण अपस्केलिंग, म्हणजे कमी पिक्सेलचे चित्र काढून ते मोठे करण्याची सोय, वापरतात. एनव्हिडियाचे डीएलएसएस किंवा एएमडीचे एफएसआर हे अपस्केलिंग परफॉर्मन्स मोडवर ठेवले की ४के च्या पडद्यासाठीही कार्ड आतल्या आत १९२० बाय १०८० इतकेच चित्र रंगवते आणि क्वालिटी मोडवर २५६० बाय १४४०. कार्डाचे ओझे हलके झाले की मर्यादा पुन्हा प्रोसेसरकडे सरकते. अपस्केलिंग सुरू करूनही आकडा वाढत नसेल, तर कारण बहुधा हेच असते.

गेममधील कोणत्या सेटिंग्ज प्रोसेसरवर भार टाकतात?

रस्त्यावरच्या माणसांची आणि वाहनांची संख्या, किती दूरवरच्या वस्तू दाखवायच्या ते अंतर, वस्तूंच्या बारकाव्याची पातळी, भौतिक परिणाम आणि काही प्रमाणात सावल्या. टेक्स्चरचा (वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रांचा) दर्जा मुख्यतः कार्डाच्या मेमरीशी निगडित असतो आणि ती पुरेशी असेल तर फ्रेम रेटवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून प्रकाश व प्रतिबिंबे दाखवणे) हे केवळ कार्डाचे काम आहे, असा समज आहे. तो अपुरा आहे. प्रकाशकिरण कशावर आदळतात हे शोधण्यासाठी दृश्यातील सगळ्या वस्तूंची एक श्रेणीबद्ध रचना लागते, हलणाऱ्या वस्तूंसाठी ती प्रत्येक फ्रेमला अद्ययावत करावी लागते आणि तिची जुळवाजुळव करण्यात प्रोसेसरही गुंततो. शिवाय कॅमेऱ्याच्या मागे असलेल्या वस्तू एरवी वगळता येतात, पण प्रतिबिंबात दिसण्याची शक्यता असल्यामुळे आता त्याही हिशेबात धराव्या लागतात.

प्रोसेसर कमी पडत असेल तर फ्रेम जनरेशनने प्रश्न सुटतो का?

पडद्यावरचा आकडा वाढतो, एवढे निश्चित. एनव्हिडियाने हे तंत्र २०२२ मध्ये आरटीएक्स ४० मालिकेबरोबर आणि एएमडीने २०२३ मध्ये एफएसआर ३ मधून आणले. दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये कार्ड स्वतः एक फ्रेम तयार करून घालते आणि तिच्यासाठी प्रोसेसरला गेमचा हिशेब करावा लागत नाही. म्हणून प्रोसेसर अडवत असतानाही हालचाल अधिक सुरळीत दिसते. पण कळ दाबल्याचा परिणाम खऱ्या फ्रेममध्येच उमटतो आणि मधली फ्रेम तयार करण्यासाठी पुढची खरी फ्रेम हातात येईपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे प्रतिसाद किंचित मंदावतो. मुळात ६० किंवा अधिक फ्रेम्स मिळत असतील तर हा सौदा परवडतो. मुळात ३० मिळत असतील तर चित्र ६० सारखे दिसते आणि हाताला मात्र ३० पेक्षाही जड लागते. स्पर्धात्मक नेमबाजीच्या गेममध्ये मी ते बंद ठेवण्याचाच सल्ला देईन.

किती कोर पुरेसे आहेत?

येथे कन्सोलचा इतिहास उपयोगी पडतो. २०१३ मधील प्लेस्टेशन ४ मध्ये १.६ गिगाहर्ट्झचे आठ जॅग्वार कोर होते आणि ते त्या काळातही मंदच होते. तेवढ्यात बसवलेले गेम पीसीवरचा साधा चार कोरचा प्रोसेसर आरामात चालवत असे, म्हणून कितीतरी वर्षे 'प्रोसेसर काहीही चालेल, पैसे कार्डात घाला' हा सल्ला बरोबर ठरला. २०२० मधील प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांत आठ झेन २ कोर आले आणि गेम बनवणाऱ्यांनी ती वाढीव ताकद वापरायला सुरुवात केली. आज सहा वेगवान कोर आणि बारा थ्रेड हा वाजवी किमान पल्ला आहे आणि आठ कोर असतील तर निश्चिंत राहता येते. त्यापुढे केवळ गेमसाठी कोर वाढवण्यात अर्थ उरत नाही. प्रत्येक कोरचा वेग आणि कॅश मेमरी (प्रोसेसरमधीलच छोटी, वेगवान मेमरी) यांनी अधिक फरक पडतो.

कॅश मेमरी आणि रॅमचा फ्रेम रेटशी काय संबंध?

फार जवळचा आणि फार दुर्लक्षित. गेमची माहिती रॅममध्ये विखुरलेली असते आणि ती येईपर्यंत प्रोसेसरला ताटकळावे लागते. कॅश मोठी असेल तर त्यातली बरीच माहिती हाताशीच सापडते. याचा सर्वांत बोलका पुरावा एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरने एप्रिल २०२२ मध्ये दिला. आधीच्या ५८००एक्स प्रमाणेच त्याचेही कोर आठच होते आणि कमाल वेग तर ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर उतरला होता, पण एल३ कॅश ३२ वरून ९६ मेगाबाइट झाली होती. वेग कमी असूनही कितीतरी गेममध्ये तो आपल्या भावंडाच्या सहज पुढे गेला.

रॅमच्या बाबतीत दोन चुका वारंवार आढळतात. पहिली म्हणजे एकच स्टिक लावणे. दोन स्टिक योग्य खाचांत लावल्या की दोन्ही चॅनेल चालू होतात आणि माहिती वाहून नेण्याची क्षमता दुप्पट होते. चार खाचांच्या मदरबोर्डवर या खाचा बहुधा प्रोसेसरकडून मोजल्यास दुसरी आणि चौथी असतात. दुसरी चूक म्हणजे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सोय, सुरू न करणे. डीडीआर४ ३२०० ची स्टिक त्याशिवाय बहुधा २१३३ किंवा २४०० वरच चालते आणि डब्यावर छापलेला वेग डब्यावरच राहतो. प्रोसेसर अडवत असलेल्या संगणकावर या दोन दुरुस्त्या केल्या की जाणवण्याइतका फरक पडतो.

सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम्स) उत्तम आहे, तरीही गेम अडखळतो. असे का?

कारण सरासरी अडखळणे लपवते. एका सेकंदात शंभर फ्रेम्स आल्या. त्यांपैकी ९५ फ्रेम्सना प्रत्येकी ८ मिलिसेकंद लागले आणि उरलेल्या ५ फ्रेम्सना प्रत्येकी ४८. बेरीज बरोबर १००० मिलिसेकंद होते आणि सरासरी १०० एफपीएस दिसते, पण त्या सेकंदात खेळणाऱ्याला पाच धक्के बसलेले असतात. हे दिसावे म्हणून चाचण्यांमध्ये '१ टक्का लो' हा आकडा देतात. सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्सच्या वेळांवरून तो काढला जातो. सरासरी १०० आणि १ टक्का लो ७५ असेल तर अनुभव चांगला असतो, तोच आकडा २५ असेल तर मुळीच नाही.

कमकुवत प्रोसेसर बऱ्याचदा सरासरीच्या आधी येथेच उघडा पडतो. मात्र प्रत्येक धक्क्याचा दोष त्याला देऊ नये. नवा परिणाम पहिल्यांदा दिसताना शेडर (तो परिणाम रंगवणारा छोटा प्रोग्राम) संकलित होत असेल, तर महागड्या प्रोसेसरवरही क्षणभर अडखळणे होते आणि पुन्हा त्याच जागी गेल्यावर ते होत नाही. कार्डाची मेमरी भरून माहिती रॅममध्ये सांडू लागली तरीही धक्के बसतात. तेव्हा टेक्स्चरचा दर्जा एक पायरी खाली आणणे हा उपाय असतो.

जुन्या संगणकात नवे कार्ड बसवताना काय पाहावे?

पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातील जोडणीची, पिढी आणि कार्डाच्या लेन (माहिती जाण्याच्या वाटा). जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त चार लेन आणि ४ गिगाबाइट मेमरी होती. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या मदरबोर्डवर ते ठीक चालत असे, पण ३.० च्या जुन्या बोर्डवर तीच वाट निम्मी अरुंद होई आणि मेमरी भरताच फ्रेम रेट कोसळत असे. म्हणजे स्वस्तातले कार्ड ज्या जुन्या संगणकांत जाणार, त्यांतच ते सर्वांत वाईट चालत होते.

इंटेलच्या आर्क कार्डांसाठी रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय बायोसमध्ये सुरू असणे जवळजवळ अनिवार्य आहे. ती नसेल तर बरीच गती हातची जाते. शिवाय ड्रायव्हरलाही प्रोसेसरचा वेळ लागतो. डिसेंबर २०२४ मधील आर्क बी५८० हे कार्ड वेगवान प्रोसेसरबरोबर उत्तम, पण जुन्या प्रोसेसरबरोबर अपेक्षेपेक्षा बरेच मागे पडते, असे अनेक स्वतंत्र चाचण्यांत दिसले.

इंटरनेटवरील 'बॉटलनेक कॅल्क्युलेटर' विश्वासार्ह आहेत का?

नाहीत. '१४.३ टक्के बॉटलनेक' असा आकडा गेम, दृश्य आणि सेटिंग्ज न पाहता काढलेला असतो आणि त्यावरून खरेदी करू नये.

मग जोडी निवडायची कशी?

सुरुवात मॉनिटरपासून करावी. ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल आणि तो बदलायचा नसेल, तर प्रोसेसरने २०० फ्रेम्स तयार केल्या तरी दिसतात साठच. लक्ष्य ठरले की दोन प्रकारच्या चाचण्या वेगवेगळ्या वाचाव्यात. प्रोसेसरच्या चाचण्या १०८०पी वर आणि सर्वांत ताकदवान कार्ड लावून घेतलेल्या असतात. 'असे कोण खेळतो' म्हणून वाचक त्यांच्यावर रागावतात, परंतु कार्डाची मर्यादा बाजूला सारून प्रोसेसर कुठवर जाऊ शकतो हे पाहण्याचा तोच मार्ग आहे. तेथून आपल्या गेमसाठी प्रोसेसरचा कमाल आकडा घ्यावा. कार्डाच्या चाचण्यांतून आपल्या रिझोल्यूशनवरचा आणि आपल्या सेटिंग्जचा आकडा घ्यावा. या दोहोंतला लहान आकडा आपल्याला मिळणार असतो. दोन्ही आकडे लक्ष्याच्या वर असतील तर जोडी योग्य आहे, मग कोणतेही कॅल्क्युलेटर काहीही म्हणो.

स्पर्धात्मक गेम कमी सेटिंग्जवर २४० हर्ट्झने खेळणाऱ्याला फ्रेममागे केवळ ४.२ मिलिसेकंद मिळतात. त्याने पैसा आधी प्रोसेसरकडे वळवावा. कथाप्रधान, नेत्रसुखद गेम ६० ते ९० फ्रेम्सवर खेळणाऱ्याने तो कार्डाकडे वळवावा. प्रचंड शहरे वसवण्याचे किंवा हजारो सैनिकांचे डावपेच लढण्याचे गेम खेळणाऱ्याने मोठ्या कॅशचा प्रोसेसर घ्यावा, कारण तेथे वस्ती जसजशी वाढते तसतसा आकडा घसरत जातो आणि कितीही मोठे कार्ड तो सावरू शकत नाही.

लॅपटॉपला हेच नियम लागू होतात का?

होतात, पण तेथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप वीज व थंडावा वाटून घेतात. एकाने जास्त घेतली की दुसऱ्याला कमी पडते. एकाच नावाची ग्राफिक्स चिप वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॅटवर चालवलेली असते, म्हणून नावाबरोबर तिची वीजमर्यादाही विचारावी.

नवे कार्ड बसवूनही काहीच फरक पडला नाही. आधी काय तपासावे?

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते संगणकाच्या मागे वाकून पाहावे. ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये असेल तर चित्र बहुधा प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स काढत असते. ती केबल कार्डाच्या पोर्टमध्ये लावावी. त्यानंतर विंडोजमध्ये रिफ्रेश रेट मॉनिटरच्या कमाल आकड्यावर आहे का, कुठे जुने फ्रेम बंधन राहून गेले आहे का आणि रॅम तिच्या खऱ्या वेगावर चालते आहे का, हे क्रमाने पाहावे. एवढे करूनही आकडा हलला नाही, तर बाजाराच्या चौकात उभे राहून रिझोल्यूशन कमी करण्याची वर दिलेली चाचणी करावी आणि ती प्रोसेसरकडे बोट दाखवत असेल, तर तोच मदरबोर्ड आणखी वेगवान प्रोसेसर स्वीकारतो का हे निर्मात्याच्या यादीत पाहावे. पुष्कळदा स्वीकारतो, आणि मग मदरबोर्ड व रॅम न बदलता केवळ बायोस अद्ययावत करून काम भागते.